तुराकोचे लाल पंख

गुरुजी, काल लेकीबरोबर प्राणिसंग्रहालयात गेलो होतो. इथे अमेरिकेत, नोव्हायच्या आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे. तिथे काचेच्या घुमटाखाली झाडं वाढवून आत पक्षी मोकळे सोडलेत. दारात पाटी होती: तुराको, आफ्रिकेच्या रानातला, अंगानं हिरवा, पंखांतला गर्द लाल रंग तो उडाला तरच दिसतो. आत ओल्या पानांचा वास आला आणि माझे हात आपोआप बुटांच्या नाड्यांकडे गेले. "बाबा, शूज! पीपल आर लुकिंग," लेक कुजबुजली. तिला काय सांगू? मी आपल्या देवराईच्या तोंडाशी उभा होतो आणि तुम्ही पुढे, चपला काढत म्हणत होता, "चपला आणि खोटं, दोन्ही बाहेर ठेवा रे."

तुमचा पक्षीवहीचा नियमही तसाच. "स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल तेवढंच लिहायचं. नाही दिसला तर 'दिसला नाही' लिही, त्यात लाज कसली?" सातवीत सगळ्यांची पानं भरली होती, माझं कोरं होतं. मी लिहिलं: देवराईत झऱ्याजवळ कर्णा दिसला, छाती लालभडक. माणसाकडे पाठ करून पानांत मिसळून जाणारा हा पक्षी तुम्हाला वीस वर्षांत दिसला नव्हता. तुम्ही ती ओळ दोनदा वाचलीत, माझ्या डोक्यावरून हात फिरवलात. "नशीबवान आहेस लेका." त्यानंतर रोज शाळेआधी तुम्ही झऱ्यावर जाऊन बसायचात. निवृत्त झालात, गुडघे गेले, तरी काठी टेकत जायचात. मी सुट्टीत भेटायला आलो की विचारायचात, "नेमका कुठल्या फांदीवर होता रे?" आणि मी दर वेळी फांदी सांगायचो.

काल बाकावर कितीतरी वेळ बसलो. मनात नाम चालू होतं. वर पानांत हिरवं काहीतरी सरकायचं, थांबायचं. एकदा फडफड झाली, नेमका तेव्हाच मी चष्मा पुसत होतो. "बाबा, डिड यू सी इट? सो रेड!" 'हो' अगदी ओठांवर आलं होतं. "नाही दिसला गं," म्हणालो. ती शेजारी टेकली. "ओके. वी विल वेट." बंद व्हायच्या वेळेपर्यंत थांबलो. तो पुन्हा उडाला नाही.

आज पूजा आटोपून हे लिहायला बसलोय. तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली, टाकणार कुठल्या पत्त्यावर? देवघरातल्या पोथीत ठेवून देईन. गुरुजी, त्या दिवशी मी झऱ्यावर गेलोच नव्हतो. कर्णा दिसला नाही.