स्टूलही हललं

सिंदेवाही,
१५ जून २०२५

ती. सौ. कुंताताईस,
गुणवंतचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सर्व ठीक, तिकडचं तुझ्या पत्रावरून ठीकच असावं असा अंदाज आहे. अंदाज का म्हणतो, त्यासाठी आधी फिर्याद दाखल करून घे.

ताई, तुझं अक्षर हे अक्षर राहिलेलं नाही. ही पिपीलिकांची, म्हणजे मुंग्यांची, मिरवणूक आहे. पाटीवर बोटभर उंचीची अक्षरं गिरवून घेणाऱ्या आबांची तू थोरली मुलगी आणि पहिली शिष्या, आणि तू असं लिहावंस? भाऊजींच्या गुडघ्याबद्दलचा सबंध परिच्छेद मी गोदावरीच्या पाण्याबद्दल समजून वाचला, आणि "चढउतार चालूच आहे" या वाक्यापर्यंत मला काही वावगंही वाटलं नाही. सिरोंच्यात कागदाची टंचाई असेल तर कळव, इथून दस्ता पाठवतो. पण पुढलं पत्र माणसांना वाचता येईल असं लिही.

फोन का करत नाही, असं विचारलं आहेस. (बहुतेक तेच विचारलं आहेस.) फोनवर तू "काय झालं रे?" म्हणतेस आणि मग गप्प बसतेस. त्या गप्प बसण्यापुढे माझं आजवर काही चाललेलं नाही. पत्रात निदान मधेच उठून चहा पिता येतो.

बातम्या अशा. तुझी भावजय रीता बरी आहे. आमटीत मीठ दोनदा घातलं म्हणून तिने मला चुलीपासून हद्दपार केलं, त्यामुळे मी सुखात आहे. परवा सकाळी रस्त्यात शेजारच्या गिरजाबाई उभ्या दिसल्या, मी हात जोडून चांगली विचारपूस केली. ते त्यांचं दांडीवर वाळत घातलेलं लुगडं निघालं. गिरजाबाई मागून म्हणाल्या, "गुरुजी, माह्या लुगड्याले येवढा मान आजवर कोनी नाई देल्ला!" सगळी आळी हसली. मीही हसलो.

स्टुडिओ चालू आहे. शाळेतलं संस्कृत सुटलं तरी 'गुरुजी' हे नाव सुटलं नाही, आणि रोलवर फोटो काढणारा गुरुजी म्हणून आता लांबलांबची माणसं येतात. तुला माहीतच आहे, आपल्याकडे मोबाईल तळ्यात पडतो आणि त्यातली पोरंही त्याच्याबरोबर बुडतात. म्हणून जून लागला की जंगलातल्या गावांहून आईबाप मुलांना घेऊन येतात. मूल आश्रमशाळेत जाण्याआधी त्याचा एक कागदावरचा फोटो घरात हवा. मूल तिकडे, फोटो इकडे. सणाला जेवताना कोणी कोणी त्या फोटोपुढे पण घास ठेवतात. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं होतं, जिवंत लेकरापुढे कशाला? तर एक म्हातारी म्हणाली, "मंग भूक जिवंतालेच लागते ना, गुरुजी."

तर अशा फोटोसाठी गेल्या महिन्याच्या शेवटी सोमारीबाई आपल्या लेकीला, दीपिकेला, घेऊन आल्या. गाव आत जंगलात, अर्धी वाट पायी. दीपिका आठ वर्षांची. केसाला तेल इतकं की कपाळ चकाकत होतं. तिला स्टुलावर बसवली, मागे नेहमीचा बांबूचा तट्टा. कॅमेरा तो जुनाच, दोन भिंगांचा, वरून खाली मान घालून काचेत पाहायचा. माझा नेम तुला ठाऊक आहे: काचेत पोराची पापणी केसाकेसाने दिसली की थांबायचं, आणि कळ दाबायची.

दीपिकेला म्हटलं, "हलू नको बरं का."

ताई, ती पोर हलली नाही. इतकी वर्षं मुलांचे फोटो काढतो आहे. मुलं शिंकतात, खाजवतात, मागे वळून आईला शोधतात. ही बसली ती पाण्यातल्या दगडासारखी. माशी नाकावर बसली तरी तिने ती उडवली नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सोमारीबाई फोटो न्यायला आल्या, दीपिका सोबत. त्यांनी कागद हातात धरला, लांब नेला, जवळ आणला. मग अगदी संकोचाने म्हणाल्या, "गुरुजी, तट्ट्याच्या कांब्या मोजून घ्या अशा दिसून राह्यल्या. पन पोरीचं तोंड धुक्यातून पायल्यावानी काऊन दिसते?"

आता इथे मी उठून चहा पिऊन आलो.

मी म्हणालो, "पोरगी हलली."

सगळे फोटोवाले हेच म्हणतात. आमच्या धंद्यातलं ते मंत्रासारखं वाक्य आहे, आणि शंभरातल्या नव्वद वेळा ते खरंही असतं. सोमारीबाई लेकीकडे वळल्या. "काऊन हललीस वं? इतल्या दुरून आलो आपन." दीपिका खाली पाहत म्हणाली, "मी नाई हलली, माय." आणि मग माझ्याकडे पाहून, "गुरुजी म्हनते त हलली असन."

मी मोठ्या उदारपणे म्हटलं, असू दे, पुन्हा काढू. लगेच तिथल्या तिथे पुन्हा बसवली. या वेळी तिने दोन्ही पाय स्टुलाच्या पायांना आतून अडकवून घेतले आणि श्वास कोंडून धरला. डोळ्यांत पाणी आलं तरी सोडला नाही. मी काचेत वाकून भिंग फिरवत होतो. पापणी काही येत नव्हती. हात सवयीने जिथे थांबतो तिथे थांबला, आणि मी कळ दाबली.

तो फोटो काल, बाजाराच्या दिवशी, दिला. तट्टा लख्ख. पोर पुसट.

सोमारीबाईंनी फोटो पाहिला. त्यांनी लेकीच्या पाठीत धपाटा घातला. माझ्यासमोर, माझ्या स्टुडिओत, माझ्या स्टुलाजवळ. दीपिका रडली नाही. ती फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "माय, स्टूलबी हललं पाय. मी हलली म्हनून स्टूलबी हललं असन."

त्या फोटो तिथेच ठेवून गेल्यावर मी तो भिंग लावून पुन्हा पाहिला. स्टुलाचा पाय तिच्या तोंडाइतकाच पुसट आहे, ताई. ते स्टूल मी जाड फळीवर खिळ्यांनी ठोकून बसवलेलं आहे, ते जागचं हलवायला दोन माणसं लागतात. पोर हललेली असती तर ती एकटी पुसट आली असती. दोघांचीही आकृती सारखीच पुसट आहे, कारण दोघांच्या मागचा तट्टा मी स्पष्ट केला आणि मला वाटलं की पापणी केली. हे त्या आठ वर्षांच्या पोरीच्या नजरेला दिसलं. तिला पुरावा सापडला आणि तो तिने स्वतःविरुद्धच वापरला. मी समोर उभा होतो. मी "हं" म्हणालो.

नुसतं "हं". एवढं संस्कृत शिकून.

आता तुला आबांची गोष्ट आठवली असेल, म्हणून मीच काढतो. ओसरीवर पोथी लावलेली, आळीतली माणसं बसलेली, आबा पान उलटून उलटून वाचताहेत, एक अक्षर चुकत नाही. आणि पोथी उलटी. तू पाण्याचा तांब्या ठेवायच्या निमित्ताने गेलीस आणि जाता जाता पोथी सुलटी करून आलीस. कोणाला कळलं नाही असं तुला वाटलं असेल. मी खांबामागून पाहत होतो. आबांना तेव्हा समोरचं माणूसही दिसत नव्हतं, हे त्यांनी पुढे कितीतरी दिवस कोणाला सांगितलं नाही. डॉक्टरकडे नेलं तोवर काचबिंदूने सगळं संपवलेलं होतं. तेव्हा ते जवळजवळ माझ्याच वयाचे होते.

चंद्रपूरला डोळे तपासून घ्यावेत असं उन्हाळ्यापासून ठरवतो आहे. कधी लग्नसराई आडवी येते, कधी ऊन. साधा मोतीबिंदू असेल तर निघून जाईल. तो नसेल तर काय, हे कोणी मला सांगू नये म्हणून मी जात नाही. रीताला बोललो नाही. तुझं अक्षर, ताई, पूर्वीइतकंच आहे. पोस्टमनकडून वाचून घेतलं, तो म्हणाला, "चांगलं टपोरं आहे की." तुझ्यावरची फिर्याद मी मागे घेतो. तपासणी तूही करून घे, हे घरातून येतं म्हणतात.

आता कामाचं. येत्या शनिवारी, बाजाराच्या दिवशी, सोमारीबाई पुन्हा येणार आहेत. त्यानंतर दीपिकेची शाळा उघडते, म्हणजे हा शेवटचा फोटो. मी जुनी सुतळी शोधून काढली आहे. शिकाऊ होतो तेव्हा कॅमेऱ्याखाली सुतळी बांधायचो, तिची गाठ पोराच्या गालाला टेकवायची आणि भिंगाच्या कड्यावर तेवढं अंतर लावायचं. मग काचेत पाहायची गरजच नाही. पुढे हात बसला आणि मी ती फेकून दिल्यासारखी ठेवून दिली. पण कड्यावरचे आकडे लावायचे कोणी? ते मला दिसत नाहीत. तू लाव. गाठ दीपिका धरेल. सुतळी कशासाठी, हे ती विचारेल, आणि तिला उत्तर द्यावं लागेल, तिच्या आईसमोर.

ते उत्तर मी घोकून ठेवलं आहे: पोरी, तू हलली नव्हतीस, मलाच दिसत नव्हतं. बोलायला अगदी सोपं आहे. सकाळपासून मोठ्याने म्हणून पाहतो आहे.

पण काल फोटो देण्याआधी मी मनाशी हेच ठरवलं होतं, ताई, आणि तोंड उघडलं तेव्हा "हं" आलं. मला डोळ्यांची भीती वाटते, ती वाटणारच. त्याहून जास्त भीती याची वाटते की शनिवारी ती पोर स्टुलावर पाय अडकवून, श्वास कोंडून बसेल आणि मी पुन्हा म्हणेन, पोरगी हलली. आणि ती ते खरं मानून शाळेत जाईल.

शनिवारच्या आत ये. तू शेजारी उभी असलीस की मला खोटं बोलता येत नाही.

तुझा,
गुणा