पाटीखालचा जिना

६ नोव्हेंबर

घोड्याचा केस तुटला. चामखीळ आहे तिथंच आहे, बोट मात्र टम्म सुजलं.

केस शेजारच्या सावित्रीबाईनं आणला होता, वरातीला घोडं देणाऱ्याकडून मागून. "नवरदेव बसतो त्या घोड्याच्या शेपटीचा हाय, गुण येतोच," म्हणाली. चामखिळीला गच्च बांधायचा, म्हणजे ती वाळून गळते म्हणे. लोंबणारी असती तर गळलीही असती. माझ्या सगळ्या बसक्या, खरबरीत, उजव्या हाताच्या बोटांवर. बांधायचं कशाला? तरी आईनं बांधला. फेब्रुवारीत लग्न, म्हणून तिला घाई.

ब्लाउज शिवताना कापडाचे दोरे अडकतात त्यांच्यात. गिऱ्हाईक बायका कापड देताना हात लागू देत नाहीत आता.

१० नोव्हेंबर

आज चुना आणि सोडा. कातडी जळाली, चामखीळ राहिली. आई रडायला लागली. हात माझा भाजला आणि समजूत मी तिची काढत बसले.

१५ नोव्हेंबर

बीडला कातडीचे डॉक्टर कोण आहेत ते मोबाईलवर शोधलं. एक बाई डॉक्टर सापडल्या. दवाखान्याच्या पाटीचा फोटोही होता — 'त्वचारोग, कुष्ठरोग व गुप्तरोग तज्ज्ञ'. आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. शेवटचा शब्द ऐकून तिनं मोबाईल पालथा घातला.

"लग्न ठरलेली पोरगी तू. त्या पाटीखाली कुणी बघितलं म्हंजी?"

दुसऱ्या डॉक्टरांच्या पाट्या बघितल्या. त्याही तशाच! शिक्षणच एक आहे त्यांचं, तिन्ही शब्द लिहितातच. आईला हे कोण समजावणार?

शेवटी घाटनांदूरला हरिओमला फोन लावला. नवरा होणार आहे, त्याला नाही विचारायचं तर कुणाला? म्हणाला, "जा की. पाटीला काय भ्यायचं? येडी हायस का?" लई बरं वाटलं. असा माणूस मिळाला म्हणजे नशीबच, असं आईला म्हणाले सुद्धा.

१९ नोव्हेंबर

जाऊन आले. चौसाळ्याहून एसटीनं. जिना चढताना आईनं पदर पार नाकापर्यंत ओढला होता. माझ्या तोंडालाही स्कार्फ बांधायला लावला. वर गुदमरलं म्हणून मी उतरताना काढला.

डॉक्टरीणबाई आधी चुन्यावरून खवळल्या. मग नीट सांगितलं. चामखीळ म्हणजे विषाणू, कातडीतला. रक्तात काही नाही, वाईट काही नाही. एकाच्या हाताची दुसऱ्याच्या हाताला लागते. लागल्यावर दिसायला कधी महिने जातात. थंड वायूनं जाळायची, घरी मलम लावायचं, परत परत यायचं, धीर धरायचा.

सुरुवातीला मला हे कात्रीचे घट्टेच वाटले होते, म्हणून विचारलं, घट्टा कुठला आणि चामखीळ कुठली हे ओळखायचं कसं. त्यांनी भिंगातून माझंच बोट दाखवलं. घट्ट्यावर बोटाच्या रेषा तशाच राहतात, चामखिळीत मोडतात. आत काळे ठिपके असतात, रक्ताच्या बारीक नळ्यांचे.

"घरात कुणाला आहे का?"

नाही म्हणाले. आणि तेव्हाच आठवलं! साखरपुड्यानंतर दोन्ही घरची माणसं कपिलधारला देवदर्शनाला गेलतो. पायऱ्यांवर सगळ्यांच्या मागं राहून हरिओमनं माझा हात धरला होता. पहिल्यांदा. त्याचा अंगठा खरबरीत लागला. "ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगनं घट्टा पडलाय," म्हणाला होता. मी त्या घट्ट्यावरून बोट फिरवत बसले होते. काळे ठिपके होते त्यात.

एसटीत मला सारखं हसू येत होतं. लग्नाआधीच आहेर दिला की यानं!

२० नोव्हेंबर

त्याला सांगितलं. वाटलं होतं, हसेल. हसला नाही. मग म्हणाला, "हे आमच्या आईला नको सांगू." बरं म्हणाले.

२७ नोव्हेंबर

सोयरीक मोडली.

तानाजीमामा निरोप घेऊन आले. यांनीच हे स्थळ आणलं होतं. दारातच उभे राहिले, चहा पण घेईनात. हरिओमची मावशी, केशरबाई, बीडला असते. त्या दिवशी समोरच्या दुकानात होती. मी पाटीखालच्या जिन्यानं उतरताना तिनं बघितलं. माझ्या तोंडाला स्कार्फ नव्हता. तिनं पाटी वाचली आणि घाटनांदूरला फोन केला.

"पोरीला गुप्तरोग हाय म्हणतेत ते," मामा खाली बघून म्हणाले. "मला सांगायची बी लाज वाटती, अर्जुनराव."

वडील उठले, माझा हात धरून मामांच्या तोंडासमोर नेला. "ह्यो बघा रोग. बघा ना!" मामांनी बघितला नाही.

२८ नोव्हेंबर

मशीनवर कापड घातलं नाही. जेवले नाही.

१ डिसेंबर

आज हरिओमनं फोन उचलला, इतक्या दिवसांनी. मी एकच विचारलं, तू घरी सांगितलं का, की तूच मला जा म्हणाला होतास.

"वर जाताना पाटी वाचली न्हाईस का तू?" म्हणाला.

"वाचली. तुला पण वाचून दाखवली होती."

"मग? लोकं तर बोलणारच ना." मागून त्याच्या आईचा आवाज आला, "असल्या पोरीला हळद लावायची का?" त्यानं फोन ठेवला.

उष्टी हळद नवरदेवाच्या अंगावरून नवरीकडं येते. हे त्या माउलीला कुणी सांगायचं?

मी सांगू? सगळ्या गावाला सांगू, की हे मला हरिओमकडून लागलं? पाटीवरचा तो शब्द ऐकून बसलेल्या लोकांना मी सांगायचं, की मला त्याच्याकडून लागलं! काय अर्थ काढतील ते? मला माझीच बाजू तोंडानं उच्चारता येत नाही. उशी तोंडात धरून रडले. बाहेर आईही रडत होती, मला ऐकू येऊ नये म्हणून भांडी आपटत होती.

आणि सगळ्यात जास्त लाज याची वाटते, की मला अजून तो पाहिजे आहे.

९ डिसेंबर

परत हात जाळायला बीडला. मी नको म्हणत होते. बरं होऊन आता कुणाला दाखवायचाय? वडील म्हणाले, "तुला तुझा हात पायजे का न्हाई?" स्वतः आले.

पण वर आले नाहीत. पाटीच्या खाली, जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले, टोपी घालून, भर रस्त्याकडं तोंड करून. मी उतरले तरी उठेनात.

"आबा, चला ना."

"बस जरा. बघू दे की लोकांला. बाप-लेक दोघं बी हाईत इथं."

मी त्यांच्याशेजारी बसले. समोरच्या दुकानात गर्दी होती. स्कार्फ पिशवीतच राहिला.

३० डिसेंबर

आई आज म्हणाली, दवाखान्यात निघालीस तेव्हाच तुला अडवायला पायजे होतं. मी म्हणाले, आणि तू केस बांधलास तेव्हा तुला कुणी अडवलं? उठून आत गेली. उगाच बोलले.

२२ जानेवारी

गेल्या सगळ्या. डॉक्टरीणबाईंनी भिंगातून दाखवलं, बोटाच्या रेषा परत जुळल्यात. हात छान दिसतो. मेंदी लागणार होती यावर पुढच्या महिन्यात.

घरी येऊन एक ब्लाउज शिवला. दोरा कुठंच अडकला नाही. त्यानंच रडू आलं.

३ फेब्रुवारी

हरिओमचा मेसेज. 'अंगठ्यावरलं दाढी करताना तोंडावर पसरलंय. पुढच्या आठवड्यात पोरगी बघायला जायचंय. त्या डॉक्टरणीचा नंबर दे. तुला तसलं काही न्हवतं, मला ठाव होतं. मागून जिना हाय का?'

नंबर दिला. खाली लिहिलं — मागून जिना नाही. पाटीखालूनच चढावं लागतं.