सुई आधी यायला हवी होती

मीनाचे बाबा,

मंदा परवा गेली. तुमच्या धाकट्या भावाची बायको, माझी जाऊ. बेंबळीतली सगळी माणसं येऊन गेली, घर गप झालंय. भांडी तशीच पडलीत, उठवत नाही. तिचं सगळं तुम्हाला सांगावंसं वाटलं, म्हणून लिहायला बसले.

तिला तुमचाच रोग झाला होता, कॅन्सर. तुमच्या घशात, तिच्या छातीत.

तुमचं कळलंच किती उशिरा! दुष्काळाचं साल. सोसायटीच्या डेअरीत तुम्ही दुधाचे कॅन उचलायचात. जनावरं आटलेली, कॅन अर्धे रिकामे, तरी घरी येऊन भिंतीला टेकायचात. म्हणायचात, "ही मिलोची भाकर घशाखाली उतरत न्हाय." रेशनची ती तांबडी मिलो ज्वारी कुणाच्या घशाखाली उतरत होती तेव्हा? कोण शंका घेणार?

मग सोलापूर, गाठीवर विजेचा शेक, एसटीचे धक्के. येताना तुम्ही टॉवेल दातात धरायचात. "दुखतंय का?" विचारलं की मान हलवून नाही म्हणायचात. का लपवलंत हो? कुणासाठी? डॉक्टर गाठीचं विचारायचे, वजनाचं विचारायचे. दुखण्याचं ना त्यांनी विचारलं, ना तुम्ही सांगितलं.

दुखणं थांबवणारी सुई मिळाली ती अगदी शेवटी. त्या दुपारी तुम्ही शांत झोपलात. उठून म्हणालात, "ही आधी का न्हाय दिली?"



मंदाच्या वेळी मी डोळे उघडे ठेवले. उजवा हात वर जाईना, म्हणून ती डाव्या हातानं वेणी घालायला लागली. बसूनच झोपायला लागली. शेक नुकताच सुरू झाला होता. मी विचारलं, "मंदा, खरं सांग, तुला काय पाहिजे?"

"अक्का, एक डाव दुखल्याबिगर झोपू द्या मला."

तिला घेऊन उस्मानाबादला एका डॉक्टरीणबाईंकडं गेले. भाऊजी सोबत होते. बाईंनी दुखण्याच्या औषधाचं नाव काढताच ते उसळले, "वैनी, दादाला सुई दिली आन् दादा गेला! तिला आत्ताच मरायला सोडता व्हय?"

त्यांचंही काय चुकलं? आपल्या घरानं ते औषध मरणाच्या दारातच पाहिलेलं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "सुईनं गेले नाहीत ते. सुई उशिरा मिळाली त्यांना. शेक चालूच ठेवा. पण दुखणं आजपासून थांबवायचं, शेवटाची वाट बघायची नाही. झोपली, चार घास खाल्ले, तर शेकही सोसेल तिला."

भाऊजी मंदाकडं वळले. तिलाच म्हणाले, "घेतीस का?" लग्नाला इतकी वर्षं झाली, तिला काही विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

औषध त्याच दिवशी सुरू झालं. ती बरी झाली नाही. पण पुढचा उन्हाळा आणि पावसाळा तिनं धड काढला. अंगणात बसून शेंगा फोडल्या, माझ्या आमटीला नावं ठेवली, भाऊजींशी भांडली. गेली तेव्हा तिच्या कपाळावर आठी नव्हती. तुमच्या कपाळावरची मी अजून विसरले नाही.

मी थकलेय हो. दोन माणसं याच रोगात घालवली. पण काल गल्लीतली शेवंता येऊन गेली. तिच्या सासूलाही तोच रोग निघालाय. म्हणाली, "म्हातारी काय बोलत न्हाय, नुसती भिताडाकडं तोंड करून पडती."

पाय उचलत नाहीत, तरी उद्या मी म्हातारीजवळ जाऊन बसणार आहे. कुठं दुखतं, ते ती सांगेपर्यंत उठणार नाही.

तुमची,
मीनाची आई