सुरू होतानाचा धूर

३ एप्रिल
आलो एकदाचे! क्वार्टर छान आहे. दोन खोल्या, मागे धुण्याची जागा, आणि खिडकीतून थेट आमच्या प्लांटची चिमणी. ही चिमणी उडते का, हा चिऊचा पहिला प्रश्न. सहा वर्षांची पोर, दमत म्हणून नाही. ह्यांची बदली व्हायला अजून महिना आहे, तोवर मायलेकीच.

कामही सुटसुटीत. संध्याकाळी शहरात सगळ्यांचे एसी एकदम लागले की आमचा गॅसवरचा वीज प्लांट मदतीला धावतो. गरज सरली की बंद. चिमणीतून काय बाहेर पडतं ते मोजायचं यंत्र माझ्या ताब्यात, शिवाय हातात धरून हवा तपासायचा एक छोटा मीटर.

७ एप्रिल
इथली एक पद्धत कळली. मशीन सुरू होताना पिवळसर धूर येतो, सगळ्यात घातक तोच. नेमकी तेव्हाच मोजयंत्राची नळी चिमणीवरून काढून शुद्ध हवेच्या सिलिंडरला लावतात. धूर निवळला की परत चिमणीला. मी शिफ्टच्या साहेबांना विचारलं. म्हणाले, अहो ताई, झोपेतून उठल्या उठल्या कुणाचा फोटो काढतात का? आधी तोंड तरी धुऊ द्या त्याला. सगळे हसले. मीही हसले.

१२ एप्रिल
आज मशीन दिवसभर सुरू-बंद, सुरू-बंद. दर वेळी नळी सिलिंडरला. म्हणजे आम्ही मोजलं काय? सिलिंडर!

आणि तो धूर वर जात नाही. वारा असूनही कुंपणावरून खाली उतरतो, क्वार्टरच्या रांगेतून सरकतो, एकेका दाराशी थांबतो. शेजारच्या काकू म्हणाल्या, आमच्याकडे येऊन गेला तो. पाहुण्याबद्दल बोलावं तसं.

१५ एप्रिल
चिऊ खोकतेय. म्हणते, छातीवर कुणीतरी बसतं, मशीन थांबलं की उठतं. डॉक्टर म्हणे, हवाबदल. हवाबदल! डोकं फिरलं माझं.

आज नळी हलवलीच नाही. आकडा चढला, उतरला, चढला — श्वासासारखा. साहेब धावत आले, नोकरी जड झाली का म्हणाले. मी तोंडावर विचारलं, तुमची नातवंडंही इथेच राहतात ना?

खाली बघून म्हणाले, राहायची.

मग स्वतःच्या हातांनी नळी सिलिंडरला लावली.

१६ एप्रिल
बॅग भरली. गाडी सांगितलीय. खड्ड्यात गेली नोकरी.

धूर दाराबाहेर उभा आहे. दार ढकललं तर — पलीकडून कुणी रेटावं तसं —

साहेबांना फोन केला. बंद करा म्हटलं. म्हणाले, मशीन कालपासून थंड आहे, ताई. आज लावलंच नाही.

मग ही शिट्टी कसली? मशीन वेग घेतं तशी —

आतल्या खोलीतून. चिऊच्या छातीतून. ओठांतून पिवळं —

फोनवर साहेबांनाही ऐकू गेलं. म्हणाले, सुरू होतंय. आत्ता मोजू नका.

मेल्यांनो, मोजणार! हातातला मीटर तिच्या तोंडाशी धरलाय. एकही आकडा सोडणार नाही. हा पहिला —