पिंप निवळेपर्यंत

रॉथबरी,
रविवार, १४ ऑक्टोबर

प्रिय विल्फ,

तू, ग्लेनिस आणि पोरं खुशाल असाल. माझा गुडघा बरा आहे. बिल्डरचे कागद मिळाले, त्यांचं पुढे लिहिते.

इथे एक चिमुकला पब आहे. मागच्या गोठ्यात हेटी नावाची बाई स्वतः बिअर बनवते. काल दुपारी मी तिची ब्राउन एल ही तपकिरी बिअर मागितली, तर म्हणाली, "आज नाही. पिंप आत्ताच तळघरात उतरवलंय, गाळ खाली बसून निवळलं नाही अजून." तेवढ्यात डोंगर चढून आलेला घोळका आत शिरला. त्यांनाही तीच हवी.

"अहो बाई, गढूळ तर गढूळ, घसा सुकलाय!"

"मग नदीवर जा," हेटी म्हणाली, "तिथे फुकट मिळेल."

सगळे हसले आणि दुसरी बिअर घेऊन बसले. मी मात्र हट्टाने घोटभर चाखायला मागितलीच. कडवट, मातकट, नुसतं खमीर. विल्फ, ती चव माझ्या ओळखीची होती. बाबांना पुरून आल्यावर चर्चच्या हॉलमध्ये आपण प्यायलो त्या बिअरची हीच.

म्हणून मुक्काम वाढवला. आज जेवणाच्या वेळी तेच पिंप गिऱ्हाइकांसाठी उघडलं. भाजलेल्या बार्लीचा वास, थोडा अक्रोड, शेवटी नावापुरता गोडवा. मला रडूच आलं.

"बिघडलीय का?" हेटीने घाबरून विचारलं.

"नाही गं. बरी आहे."

ती खुलली. आपल्याकडे याहून मोठी शाबासकी कुठे असते!

बाबांना पुरलं त्या दिवशी तू त्यांनी बनवलेलं शेवटचं पिंप गाडीत घालून, खड्ड्यांतून आदळत हॉलवर नेलंस आणि लगेच उघडलंस. लोक "छान, छान" म्हणाले आणि अर्धे पेले खिडकीत ठेवून गेले. तेव्हापासून तुझ्या डोक्यात बसलंय की बाबांची बिअर कुणाला नको, त्यांची बिअरची भट्टी बिल्डरला विकून मोकळं व्हावं. अरे, बिअर चांगली होती. तिला निवळू दिलं नाही, एवढंच. आणि आपली माणसं अशी, की जीव गेला तरी तोंडावर वाईट म्हणणार नाहीत.

तर कागदांचं. मी सही करणार नाही. भट्टी निम्मी माझी आहे आणि मंगळवारी मी ती पेटवतेय. हेटी शिकवायला येणार आहे, बार्ली सांगून ठेवलीय. तू चिडशील, फोन आपटशील. खुशाल आपट. पण त्या दिवसानंतर तू एकदाही भट्टीच्या तळघरात उतरला नाहीस, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

नाताळाआधी पहिलं पिंप भरेल. ते खाली न्यायला दोघं लागतात, आणि दुसऱ्या कुणाला मी हात लावू देणार नाही. तू ये. उघडायचं कधी, ते मात्र मी सांगेन.

तुझ्यासाठी थांबलेली,
एडना