बिनगाण्यांचं 'सात झूमर'

५ जानेवारी १९७५, ओफाकिम
आजपासून कामाला लागले. 'सात झूमर' स्टेजवर आणायचा. बॉम्बेला आम्ही नवराबायकोने चार वेळा पाहिलेला सिनेमा. सात गाणी, आणि दर गाण्याला वर छताला नवीन झूमर. मी मराठीत नाटक लिहायचं, शौलने पेटीवर बसायचं, असं ठरलेलं होतं. शौल जुलैत गेला. माझ्या वाट्याचं राहिलंय, ते करते. रोज दोन पानं. पेसाहच्या सणानंतर प्रयोग.
मला आता काही त्रास नाही. झोप लागते. जेवण जातं.

१२ जानेवारी
पानं झाली नाहीत. पण कम्युनिटी सेंटरचा हॉल ठरवून आले, २२ एप्रिल. हेही लिखाणाइतकंच महत्त्वाचं.
शेजारची पर्ल हिरॉईन. हिरॉईन एकोणीस वर्षांची, पर्ल सेहेचाळीस. म्हणाली, मिलीबाय, लांबून कोण बघतंय. हिरो मोर्देखाय. बस चालवतो, त्यामुळे आवाज मोठा आहे.

२ फेब्रुवारी
पहिली प्रॅक्टिस, आमच्याकडे. पर्लने पहिलं गाणं धरलं आणि मला आठवलं की चहा उकळतोय. आत गेले. बाहेर आले तेव्हा गाणं संपलं होतं. मोर्देखाय म्हणाला, तुम्ही गॅस पेटवलाच नव्हता. त्याचं लक्ष प्रॅक्टिसमध्ये नसतं.
निर्णय: पहिलं गाणं कट. सुरुवातीलाच गाणं आलं की गोष्ट अडते.

९ फेब्रुवारी
होडीचं गाणं कट. वाळवंटातल्या ओफाकिममध्ये होडी कुठून आणायची? मोर्देखाय म्हणाला, दोन खुर्च्या आणि एक चादर द्या, मी वल्हवतो. मी म्हटलं, प्रेक्षकांना फसवायचं नसतं.
कव्वालीही कट. एका तालात टाळी देतील असे आठ पुरुष ह्या गावात नाहीत.

२३ फेब्रुवारी
लेक शोशी आर्मीतून सुट्टीवर आली. जेवलीस का, मी मराठीत. खाल्लं, ती हिब्रूत. तिला स्क्रिप्ट वाचून दाखवली. ऐकून तिने विचारलं, ईमा, गाणी कुठायत? मी समजावलं की ही नवी पद्धत आहे, गाणी पात्रांच्या आत चालू असतात. ती उठली. मग युनिफॉर्म वाळत घालायला गेली.
आपल्या मुलीला आर्ट समजावणं कठीण.

९ मार्च
अंगाई कट. बाहुली मोठी मिळत नाही. दारुड्याचं गाणं कट, कारण रफाएलकाका पहिल्या रांगेत बसतात. सिनेगॉगचं सगळं तेच बघतात. त्यांच्यासमोर बरं दिसत नाही.
दोनच उरली. नाटक बांधेसूद होत चाललंय.

१८ मार्च
रफाएलकाका घरी आले. म्हणाले, तारीख कोणी काढली गो? मी भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. ठाण्याहून मावशी पाठवते ते. काकांनी एप्रिलचं पान जवळून वाचलं. म्हणाले, ह्यात हनुमान जयंती आहे, ओमेर कुठाय? पेसाहपासून सात आठवडे ओमेर मोजायचे, त्यात लग्न नाही, गाणंबजावणं नाही, हे आपल्या कोकणातल्या नवगावचं शेंबडं पोरही सांगेल, आणि तू नाटकं लिहितेस.
मी लगेच म्हटलं, मग गाणी नकोतच, काका. धर्म आधी. राहिलेली दोन त्यांच्या समोरच खोडली.
हलकं वाटलं. देवाचंही तेच म्हणणं दिसतंय.

२० मार्च
काका परत आले, खुशीत. हॉलवाल्या बाईकडून तारीख बदलून आणली. २९ एप्रिल, लाग बाओमेर. सगळ्या ओमेरमध्ये तेवढा एक दिवस मोकळा. गाणं चालतं. घाल सातही परत, म्हणाले.
मी म्हटलं, स्क्रिप्ट आता घट्ट झालीय, कुठे काही शिरणार नाही.
काका म्हणाले, पोरी, नवऱ्याच्या सुतकाचे तीस दिवस पाळायचे असतात. आठ महिने झाले.
मी म्हटलं, ह्याचा त्याच्याशी काय संबंध? त्यांनी चहा संपवला, बशीतलासुद्धा, आणि गेले.
काही संबंध नाही.

२० एप्रिल
रंगीत तालीम. पस्तीस मिनिटांत संपलं. गाण्यांच्या जागी मी लिहिलंय, 'थांबावे'. पर्ल म्हणाली, थांबून काय करू? मी म्हटलं, लांब बघ. ती म्हणाली, मिलीबाय, मी चष्मा काढलेला असतो.
मोर्देखाय म्हणाला, मी हिच्याकडे बघतो, ही लांब बघते. माझी बस चुकलेली माणसं अशीच दिसतात.
चंदेरी कागदाची झूमरं छान झालीत. उद्यापासून संवादांवर मेहनत.

२८ एप्रिल
संवाद आहेत तेच ठीक आहेत.

३० एप्रिल, दुपार
काल प्रयोग झाला. हॉल भरला. किर्यात मलाखीहून आपल्या लोकांची एक अख्खी बस आली. आदल्या संध्याकाळच्या, लाग बाओमेरच्या शेकोट्यांचा धूर सगळ्यांच्या केसांना होता.
पर्ल पहिल्यांदा थांबली, लांब बघितलं. तिसऱ्या रांगेत कोणीतरी बाईने पहिलं गाणं उचललं आणि मागून सगळा हॉल. मलिद्याच्या विधीला गातात तसे, मांडीवर ताल धरून. गाणं संपल्यावर पर्लने पुढचं वाक्य घेतलं, जसं काही असंच बसवलेलं होतं. पुढच्या थांब्याला पुन्हा तेच. सातही झाली म्हणे, क्रमाने. कव्वालीच्या टाळ्या एका तालात पडल्या म्हणे. पस्तीस मिनिटांचं नाटक दोन तास चाललं.
मी नव्हते. होडीच्या गाण्याला आत उकडायला लागलं म्हणून बाहेर आले. बाहेर जास्त उकडत होतं. मोर्देखायच्या बसमध्ये काचा लावून बसले. तरी ऐकू येत होतं.
सहावं चालू असताना सुट्टीवर आलेली शोशी हॉलमधून बाहेर आली. शेजारच्या सीटवर बसली. हिब्रूत म्हणाली, ईमा, दुसरी ओळ सगळे चूक म्हणतायत.
मी म्हटलं, ते बरोबर म्हणतायत. ती ओळ वरच जाते. तुझ्या आबाचा आवाज तिथे पोचायचा नाही, म्हणून तो खालून न्यायचा.
नेहमी? तिने विचारलं.
नेहमी.
ती म्हणाली, मग ह्यांचीच चूक आहे.
सुटल्यावर दारात रफाएलकाका भेटले. म्हणाले, गाणी फस्क्लास. मधे मधे बोलणं फार आहे गो, तेवढं कट कर.
आज सकाळी शोशी परत गेली. जायच्या आधी न्हाताना ती ओळ म्हणत होती, खालून. मी टॉवेल घेऊन दाराबाहेर उभी होते. तिसरी ओळ तिला येत नव्हती. दुसरीशी येऊन थांबायची आणि परत सुरू करायची.
तिसरी मी दाराबाहेरून सांगितली. नुसते शब्द. चाल नाही.