मीठ घातलेला बर्फ

आबा, आज नातीने विचारलं, दूध चटकन उकळतं, मग गोठायला एवढा वेळ का? मला तुम्हीच आठवलात. माथेरानच्या हॉटेलातलं ते स्वयंपाकघर, चुलीपुढे तुम्ही, आणि नवरा वारल्यावर पोशीरला माहेरी परतून तुमच्या हाताखाली कामाला लागलेली मी.

मुंबईहून आगगाडीने नेरळला उतरलेला बर्फ हमालांनी भुशात गुंडाळून डोंगर चढवला होता. दूध उकळायला लागतो तेवढाच वेळ गोठायला, या चुलीवरच्या अंदाजाने तुम्ही मॅनेजरला शब्द देऊन बसला होतात : जेवणापर्यंत साहेबलोकांचं आइसक्रीम तयार. "नाही झालं तर उद्या गावचा रस्ता धरा," असं तो बजावून गेला. आणि दूध काही गोठेना. मी बर्फात बसवलेल्या दुधाच्या भांड्याचा दांडा फिरवून घामाघूम झालेली, तुम्ही खेकसता, "अगं, हात चालव की! झोपलीस काय?"

आदल्या दिवशी बर्फाचा एक तुकडा मिठाच्या पोत्यात पडला होता. तो उचलताना बोटांना गारठ्याचा असा चटका बसला की विचारू नका. म्हणून मी म्हटलं, "आबा, बरफात मीठ टाकून बघू?"

"डोकं हाय का नाय तुला? मिठानं पानी होतंय त्याचं!"

पाणी होत होतं, खरंच. पण तुमची पाठ वळली आणि मी चांगलं चार ओंजळी खडेमीठ ओतलं. भांड्यावर बाहेरून पांढरा थर चढला, दांडा जड होत गेला, आणि गोठलं, आबा, गोठलं! टेबलावरून दुसऱ्यांदा मागणी आली. मॅनेजर तुमची पाठ थोपटायला लागला, तर तुम्ही माझ्याकडे बोट केलंत, "माज्या लेकीनं केलंय." मला स्वर्ग दोन बोटं उरला.

कारण मात्र तुम्हाला सांगायचं राहिलं. लाकडं सारावीत तसा जाळ वाढतो. तो दुधापेक्षा कितीतरी तापलेला, म्हणून ऊब दुधात धावत शिरते. बर्फाला मात्र अजून गार हो म्हणून दटावता येत नाही. तो दुधापेक्षा थोडाच गार, मग दुधातली ऊब रमतगमत बाहेर पडते. गोड दूध तर नुसत्या बर्फाने गोठतच नाही. मीठ बर्फाला आणखी गार करतं, तेव्हा कुठे ती ऊब पाय उचलते.

हे पत्र धाडायचं कुठे? राहील माझ्याच पेटीत. पणजोबांची नोकरी जाऊ नये म्हणून मी मीठ घातलं, असं नातीला सांगितलं. सगळ्यांना तेच सांगत आले. आबा, नोकरी तेव्हा माझ्या मनातही नव्हती. मला एकदा तुम्हाला हरवायचं होतं.